जंगलातला रस्ता रुंद करू नका, नीट करा

माननीय सार्वजनिक बांधकाम मंत्री यांस,
स. न. वि. वि.

जंगलातून, खेड्यापाड्यांतून जाणाऱ्या एखाद्या देखण्या रस्त्यावर सायकलवाले दिसू लागले की तो ‘पर्यटन मार्ग’ ठरतो, आणि मग रुंदीकरणाची फाइल हलू लागते. आमच्या रस्त्याची हलली आहे. ज्यांच्या नावाने हे चाललंय त्या सायकलवाल्यांपैकीच मी एक. आम्हाला रुंदी नको आहे.

रस्ता अरुंद आणि वळणावळणाचा आहे म्हणूनच गाड्या इथे बेताने येतात. तो सरळ, मोकळा केला की वेग वाढणारच, मग पाटीवर काहीही लिहा. वेग दुप्पट झाला की धडकेची ऊर्जा चौपट होते, आणि ती सोसायला सायकलस्वाराभोवती पत्रा नसतो. शाळेत निघालेल्या पोरांभोवतीही नसतो. शिवाय कडेची झाडं जाणार ती वेगळीच. सावली गेल्यावर इथे सायकल घेऊन यायचं तरी कशाला?

आमचं दुखणं निराळं आहे. उन्हातून उतारावरून येत आपण दाट सावलीत शिरतो तेव्हा डोळे सरावायला क्षण-दोन क्षण जातात, आणि खड्डा नेमका तिथेच असतो. कारण सावलीत रस्ता लवकर वाळत नाही. मुरलेलं पाणी खडीवरची डांबराची पकड सोडवतं. रोड बाइकचा, म्हणजे डांबरी रस्त्यावरच्या हलक्या सायकलचा, टायर बहुधा 25 ते 28 मिलिमीटर रुंद. मोटारीला जो नुसता हादरा, त्याने इथे रिम वाकते, नाहीतर माणूस हँडलवरून पुढे जातो. पाइपलाइनसाठी खणून मातीने बुजवलेले आडवे चर याच जातीचे. पहिल्या पावसात माती खचते, कडा तेवढ्या धारदार उरतात.

तेव्हा पैसा आधी कडेच्या गटारांवर आणि मोऱ्यांवर खर्च करा. पाणी हललं की निम्मे खड्डे पडणारच नाहीत. चर खणणाऱ्याकडूनच तो डांबराने, नीट दाबून भरून घ्या. गावाच्या तोंडाशी रम्बलर (वेग कमी करायला लावणारे आडवे उंचवटे) जरूर टाका, पण कडेला सायकल निघेल एवढी जागा सोडा. (आणि त्या जागेत सुटी खडी साचू देऊ नका, ती खड्ड्याहून वाईट.)

मार्ग लोकांना सापडायला हवा, हेही खरं. बेल्जियमच्या लिम्बर्ग प्रांतात ह्यूगो बोलेन या खाण अभियंत्याने शांत रस्ते जिथे एकमेकांना मिळतात त्या ठिकाणांना क्रमांक देण्याची कल्पना मांडली आणि 1990च्या दशकात तिथे तसं जाळं उभं राहिलं. आकडे वाचत माणूस गावोगाव फिरतो. ओव्हरटेक करताना स्पेनमध्ये सायकलपासून किमान दीड मीटर अंतर सोडावं लागतं, जर्मनीत वस्तीबाहेर दोन मीटर. अरुंद रस्त्यावर याचा अर्थ इतकाच की समोरून कुणी येत असेल तर मागे थांबा. हा नियम करायला एक ड्रम डांबरही लागत नाही.

झाडांवर तोडीचे आकडे रंगवण्याआधी या प्रस्तावाचा फेरविचार व्हावा, दुरुस्तीचं अंदाजपत्रक वेगळं मागवावं आणि त्याची प्रत रस्त्यावरच्या प्रत्येक ग्रामपंचायतीला मिळावी, ही विनंती. लेखी उत्तराची वाट पाहतो.

आपला,
या रस्त्यावरचा एक सायकलस्वार