बाबा, इथले ब्रेक बघायला या

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

रविवारच्या फोनवर आईला रडू आलं आणि बाबा नुसतेच "हं, हं" करत राहिले, तेव्हापासून मन लागत नाहीये. मामाने पाठवलेला तो व्हिडिओ मीही बघितला. रोलर कोस्टरची गाडी उंचावर अडकलेली, खाली गर्दी, कुणीतरी किंचाळतंय. तो बघून तुम्ही दोघं रात्रभर जागे राहिलात म्हणे. फोनवर मला नीट सांगता येत नाही. मध्येच आवाज तुटतो, आणि आई "पुरे झाले आता ते पाळणे" म्हणून विषय संपवते. म्हणून सविस्तर लिहिते आहे. आईचा चष्मा अजून दुरुस्त झाला नसेल, तर बाबा, तुम्हीच वाचून दाखवा.

आधी त्या अडकण्याबद्दल. रोलर कोस्टरच्या रुळाचे रेल्वेसारखेच ब्लॉक पाडलेले असतात आणि एका ब्लॉकमध्ये एका वेळी एकच गाडी जाऊ शकते. पुढची गाडी स्टेशनात रेंगाळली, किंवा एखाद्या सेन्सरला नुसती शंका आली, तरी मागची गाडी आपोआप पुढच्या ब्रेकपाशी किंवा चढावर थांबते. बघणाऱ्याला वाटतं काहीतरी मोडलं. खरं तर ती गाडी थांबवायलाच सगळी यंत्रणा बसवलेली असते. पहिल्या चढाला लागून जिना असतो, तो याच कामासाठी.

आई, घाबरू नकोस, पण त्या जिन्यावरून मीही उतरले आहे. चढ अर्धा झाला आणि साखळी थांबली. पाच-दहा मिनिटं तसंच बसलो. मग पार्कची दोन माणसं वर आली आणि एकेका रांगेचा मांड्यांवरचा दांडा हाताने सोडवून आम्हाला बाहेर घेऊ लागली. पुढच्या रांगेतला मुलगा रडत होता, तर त्यातली एक जण त्याच्या कुत्र्याचं नाव विचारत त्याला पायऱ्यांपर्यंत घेऊन गेली. जिन्याची जाळी लोखंडी, सकाळच्या पावसाने ओली झालेली. कठड्याला धरून उतरताना गाडीची चाकं माझ्या अगदी डोळ्यांसमोर आली, आणि भीती कुठल्या कुठे गेली. मी तिथेच उभी राहून बघायला लागले. मागच्या बाईंना मला पुढे ढकलावं लागलं.

बाबा, हे तुमच्यासाठी. एका जागी तीन तऱ्हेची चाकं असतात. मोठी चाकं रुळाच्या वर, ती भार घेतात. दुसरी बाजूने रुळाला टेकलेली, वळणावर गाडी आडवी सरकू नये म्हणून. तिसरी रुळाच्या खाली. ती खालून रूळ धरून ठेवतात, म्हणून गाडी उलटी झाली काय किंवा टेकडीवरून उडू पाहू लागली काय, रूळ सोडत नाही. या खालच्या चाकांचं पेटंट जॉन मिलर नावाच्या माणसाचं, 1919 मधलं. त्याआधीच्या कोस्टरना ती नसायची, त्यामुळे उतार हळूच घ्यावे लागत. पेनसिल्व्हेनियात आल्टूना गावी 1902 चा लाकडी 'लीप द डिप्स' आहे, त्याला आजही खालची चाकं नाहीत. मिलरच्या त्या चाकांशिवाय पुढचं काहीच उभं राहिलं नसतं असं माझं ठाम मत आहे, आणि त्याचं नाव पार्कातल्या लोकांनासुद्धा माहीत नसतं याचं मला खरंच वाईट वाटतं.

डेपोत तुम्ही गाडी मार्गावर सोडण्याआधी हातोडीने चाकाचे नट वाजवून बघायचात आणि आवाजावरून सैल कुठला ते सांगायचात. इथेही पार्क उघडण्याआधी मेकॅनिक रुळावरून चालत जाऊन जोड आणि बोल्ट तपासतात, मग रिकाम्या गाड्या फिरवतात, आणि नंतरच माणसं बसवतात. सकाळी लवकर फाटकाशी जाऊन उभं राहिलं की त्या रिकाम्या गाड्यांचा आवाज ऐकू येतो. माणसांच्या ओरडण्याशिवाय नुसतं चाकांचं गुरगुरणं. मला तो आवाज फार आवडतो.

अपघात होतच नाहीत असं मी तुम्हाला सांगणार नाही. इथल्या, ओहायोतल्या सीडर पॉइंट पार्कमध्येच 2021 साली 'टॉप थ्रिल ड्रॅगस्टर'चा एक लोखंडी तुकडा निसटून रांगेत उभ्या असलेल्या एका बाईंना लागला, त्यांना फार मोठी इजा झाली. तो कोस्टर बंद केला, आणि पहिल्या रूपात तो पुन्हा कधी चाललाच नाही. हे मला माहीत आहे आणि तरीही मी जाते. त्याचं कारण तुम्हाला कळावं म्हणूनच एवढं लिहिते आहे.

सुरुवात खोपोलीतच झाली. इमॅजिका 2013 मध्ये उघडलं, आणि पुण्याच्या ऑफिसातल्या मैत्रिणींबरोबर मी गेले ते तुम्हाला आठवत असेल. तिथल्या 'नायट्रो' कोस्टरमध्ये बसल्यावर पायाखालची फळी निघून जाते आणि पाय हवेत लोंबतात. चढ जवळपास 40 मीटरचा. वर पोचताना सह्याद्रीचे डोंगर दिसत होते, माझ्या शेजारची देवाचं नाव घेत होती आणि मी सारखी खालच्या रुळाकडे बघत होते, पुढे कुठे वळतो ते. उतरल्यावर बाकीच्या पाणी प्यायला गेल्या, मी परत रांगेत. तो बनवणारी कंपनी स्वित्झर्लंडची, बॉलिजर अँड माबियार. ओहायोत आल्यावर सीडर पॉइंटला 'रॅप्टर' दिसला, 1994 चा, गाडी रुळाखाली टांगलेली. तोही त्यांचाच. नवख्या देशात एवढीशी ओळख निघाली तरी किती बरं वाटलं होतं! त्या पहिल्या हिवाळ्यात माझं इथे कुणीच नव्हतं. मे महिन्यात पार्क उघडला तेव्हा मी वर्षाचा पास काढला, आणि रांगेत उभं राहिल्यावर माणसं आपणहून बोलतात हे कळलं. कुठल्या कोस्टरमध्ये बसलीस, पुढे बसावं की मागे, लाकडी आवडतो की पोलादी. निवृत्त शिक्षक नवरा-बायको होते एक, आईपेक्षा वयाने मोठे. त्यांनी मला पहिल्यांदा सांगितलं की 'मिलेनियम फोर्स'ला एकदा पुढच्या रांगेत बस आणि एकदा शेवटच्या, दोन वेगळे कोस्टर आहेत ते.

अगदी खरं निघालं. 'मिलेनियम फोर्स' 2000 साली सुरू झाला, उंची 310 फूट, वेग ताशी 150 किलोमीटर. जगातला 300 फुटांवरचा पहिलाच फेरी पूर्ण करणारा कोस्टर. त्याला साखळी नाही, जाड तारेच्या दोराने गाडी ओढतात, त्यामुळे चढ भराभर संपतो. मांड्यांवर एक दांडा आणि कमरेला पट्टा, बाकी अंगाभोवती काही नाही. चढताना एका बाजूला एरी सरोवर दिसायला लागतं. एरवी ते किनाऱ्यावरून समुद्रासारखं वाटतं, वरून त्यातली बेटं दिसतात. पुढच्या रांगेत बसलं तर माथ्यावर गाडी क्षणभर अडखळल्यासारखी होते. समोरचा रूळ दिसेनासा होतो, कारण उतार 80 अंशांचा आहे. शेवटच्या रांगेत याच्या उलट. पुढचे डबे आधीच खाली निघालेले असतात आणि तुम्हाला माथ्यावरून खेचून नेतात. आसनावरून शरीर सुटतं, मांडीवरचा दांडा तेवढा धरून ठेवतो. आम्ही त्याला एअरटाइम म्हणतो. वजन जातं म्हणजे काय होतं ते सांगून कळायचं नाही. डोक्यातलं ऑफिस, व्हिसा, घरभाडं, सगळं त्या दोन-अडीच सेकंदांत निघून जातं, आणि गाडी खालच्या वळणात शिरली की वाऱ्याने डोळ्यांतून पाणी येतं. आई म्हणते तेव्हा डोळे मिटून घे. मी मिटत नाही. एवढं सगळं बघायला मिळत असताना मिटायचे कशाला?

आणि बाबा, शेवटचे ब्रेक! तुमच्या ब्रेक लायनरसारखं घासणारं त्यात काहीच नाही. गाडीला खाली धातूच्या पट्ट्या असतात आणि रुळावर चुंबकांच्या दोन ओळी. पट्टी चुंबकांमधून वेगाने गेली की तिच्यात वीज फिरायला लागते, आणि तीच गाडीला मागे खेचते. जेवढा वेग जास्त तेवढा ब्रेक जोरात. बाहेरून वीज लागत नाही, म्हणजे अख्ख्या पार्कातली वीज गेली तरी ब्रेक लागणारच. फक्त गाडी पूर्ण थांबवणं त्यांना जमत नाही. वेग अगदी कमी झाला की त्यांचा जोर संपतो, मग शेवटचं थांबवायला दुसरी सोय असते. खंबाटकी घाट उतरताना ब्रेक तापायचे म्हणून तुम्ही ड्रायव्हर लोकांना किती बजावायचात! हे ब्रेक बघून तुम्ही काय म्हणाल, ते ऐकायची मला फार इच्छा आहे.

पण माझा सगळ्यांत लाडका कोस्टर सीडर पॉइंटला नाही. तो सिनसिनाटीजवळच्या किंग्ज आयलंडला आहे, कोलंबसहून दीड तासावर. 'द बीस्ट'. 1979 चा, लाकडी, लांबी 7,361 फूट, म्हणजे सव्वादोन किलोमीटर. एवढा लांब लाकडी कोस्टर जगात दुसरा नाही. तो झाडीतून जातो आणि रात्री तिथे दिवे नसतात. चार मिनिटांहून जास्त चालतो. अंधारात फांद्या अंगावर येताहेत असं वाटतं, लाकडाचा ग्रीसमिश्रित वास येतो, पुढे उतार आहे की वळण ते दिसत नाही. मध्ये दुसरा चढ लागतो. तिथे गाडी सावकाश जाते, सगळे गप्प होतात आणि रातकिडे ऐकू येतात. मग लांबच लांब उतार आणि त्याला जोडून लाकडी छपराखालचं गरगरतं वळण. तिथला गडगडाट छातीत जाणवतो. उंचीने, वेगाने त्याला मागे टाकणारे कितीतरी आहेत. न्यू जर्सीचा 'किंगडा का' तर 456 फूट होता, साडेतीन सेकंदांत ताशी 206 किलोमीटरचा वेग. मी बसले होते त्यात. भन्नाट, पण बसलो-उठलो असं झालं. चढावर साखळी ओढत असताना जी वाट बघणं असतं, पोटात हळूहळू गोळा येतो, ते त्यात नव्हतं, आणि माझ्या मते कोस्टरचा अर्धा जीव त्या चढात असतो. तरीही 2025 च्या फेब्रुवारीत तो स्फोटकं लावून पाडला तेव्हा मला रडू आलं. तेव्हाच तू फोनवर विचारलं होतंस ना आई, आवाज का बसलाय म्हणून? सर्दी नव्हती झाली.

आता मुद्द्याचं. जूनमध्ये तुम्ही येणारच आहात, तर एक दिवस सीडर पॉइंटला जायचं. गाडीने दोन तास. पहिल्या आठवड्यात, मधल्या वारी, गर्दी कमी असते. बाबांना बीपी आहे, त्यांना कुठल्याच मोठ्या कोस्टरवर मी बसू देणार नाही. पाटीवरही तसं स्पष्ट लिहिलेलं असतं. पण तिथे 1963 पासून वाफेच्या इंजिनाची छोटी आगगाडी आहे, खरोखर कोळशावर चालणारी. बाबांनी तिच्यात बसावं, उतरून ड्रायव्हरशी बोलावं, मी मध्ये भाषांतर करीन. मग 'मॅग्नम'च्या कुंपणाशी जाऊ. 1989 चा, 205 फुटांचा, सरोवराच्या काठाकाठाने जातो. त्या चढावर गाडी मागे येऊ नये म्हणून खाचांवर अडसर पडत जातो, त्याचा टक-टक आवाज खालून छान ऐकू येतो. मला लोक नव्यानव्याचं विचारतात, मी 'मॅग्नम'चं नाव घेते. त्याच्या शेवटच्या टेकड्यांइतकं उडवणारं फार थोडं आहे.

आई, तुझ्यासाठी मी 'आयर्न ड्रॅगन' ठरवला आहे. डबे रुळाखाली टांगलेले, वळणावर बाजूला झुलतात, खाली तळं आहे. आजोळच्या तुझ्या झोपाळ्यासारखं वाटेल. तो उलटा होत नाही, उंचीही बेताची. तू औंधच्या यात्रेत आकाशपाळण्यात बसायचीस आणि वर गेल्यावर हात सोडायचीस हे मावशीनेच मला सांगितलंय, तेव्हा माझ्यापुढे घाबरट असल्याचं दाखवू नकोस. गुडघ्याचं डॉक्टरांना आधी विचारून घे. ते नाही म्हणाले तर नाही, मग आपण दोघी जायंट व्हीलमध्ये बसू.

साडी नको, पंजाबी ड्रेस आण. दोघांनीही बूट घालूनच निघा, चपला गाडीत निघून पडतात. बाबांच्या गोळ्या दोन महिन्यांच्या जास्तीच्या घ्या, इथे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत. डब्यात काय न्यायचं ते इथे आल्यावर ठरवू. पार्कात बाहेरचं खाणं नेऊ देत नाहीत, पण गाडीत ठेवून पार्किंगमध्ये बसून खाता येतं. मी दर वेळी तेच करते. तिकिटाच्या तारखा एजंटने नक्की केल्या की लगेच कळवा, म्हणजे मी रजा टाकते.

मामाला हे पत्र वाचून दाखवलंत तरी चालेल.

तुमची,
मनू