नोंदवहीत नुसतं ‘गवत’ लिहू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पाऊस ओसरला की आपल्या पेपरात कासच्या फुलांचे फोटो येतात, छानच असतात, पण त्या फुलांच्या आजूबाजूला जे गवत उभं असतं त्याच्यावर कधी दोन ओळी वाचल्याचं मला तरी आठवत नाही. म्हणून हे पत्र.

२००२ च्या जैवविविधता कायद्यामुळे आता गावोगावी ‘लोक जैवविविधता नोंदवही’ करतात. आमच्या गावची मी हातात घेऊन बघितली. झाडं आहेत, पक्षी आहेत, औषधी वनस्पती आहेत आणि गवताच्या जागी काय तर ‘गवत’, एवढंच! अहो, आमच्या डोंगरावर कुसळी वेगळी, पवना वेगळा, मारवेल वेगळा, हे कुठलाही गुराखी सांगेल.

मान्य आहे की ओळखायला अवघड असतं. मागच्या ऑक्टोबरमध्ये मी मारवेल समजून एक काडी उपटली, पेरावर पांढऱ्या केसांचं कडं पण होतं, तर सोबतचे आबा म्हणाले हा मारवेल नव्हं, नीट बघ. घरी येऊन भिंग लावलं तर दाण्याच्या सालीवर टाचणी टोचल्यासारखा बारीक खड्डा, आणि दाण्याची बारीक दांडी उजेडात धरली तर मधोमध आरपार दिसणारी पट्टी. मारवेलची ही दांडी भरीव असते, हे होतं त्याच्या जवळच्या नात्यातलं बोथ्रिओक्लोआ पर्टुसा. भिंगाशिवाय मला ते जन्मात कळलं नसतं, आबांना नुसतं बघून कळलं.

आणि सड्यावरचं, म्हणजे कातळाच्या सपाट पठारावरचं, ग्लायफोक्लोआ तर बघाच एकदा. नावाचा अर्थच कोरीव गवत, १९८१ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ क्लेटन यांनी ह्याची वेगळी प्रजाती (जीनस) केली. ह्याच्या जाती बाहेरून सारख्याच वाटतात, फरक कळतो तो दाण्याच्या सालीवरच्या नक्षीवरून आणि टोकाला शेपट्या आहेत का, किती लांब आहेत त्यावरून. एकीचं नाव रत्नागिरीवरून, एक गोव्यावरून, एक महाराष्ट्रावरून, एक वनस्पतिशास्त्रज्ञ फादर सांतापाव यांच्या नावानं, आणि ही सगळी प्रजाती भारताच्या द्वीपकल्पाबाहेर जगात कुठंच नाही. अशा सड्याला आपण पडीक जमीन म्हणतो आणि झाडं लावायला खड्डे मारतो, याचं फार वाईट वाटतं.

माझं म्हणणं एवढंच, नोंदवही उन्हाळ्यात ऑफिसात बसून भरू नका. सप्टेंबर ते नोव्हेंबर, कणसं असताना, वणवा लागायच्या आधी डोंगरावर जा, दहापट मोठं दाखवणारं भिंग न्या, आणि गावातल्या म्हाताऱ्या गुराख्यांना आत्ताच बरोबर घ्या, आमच्या आबांचं वय ऐंशीच्या पुढं गेलंय.

आपला,
एक वाचक, जि. सातारा