गेरूच्या रेषा आखणाऱ्या काकूंना

काकू, सप्रेम नमस्कार.

बक्षीस समारंभात आभार मानताना तुमच्यासारख्या कॉलेजच्या क्रीडा विभागातल्या परिचराचं नाव कोणी घेत नाही, म्हणून हे पत्र उघडंच लिहितो आहोत.

‘मुलींना खेळायला घरून सोडत नाहीत’ असं म्हटलं की आपल्याकडे सगळ्यांची सुटका होते. घरच्यांनी हो म्हटल्यावर काय अडतं, ते तुम्ही पाहिलंत.

मैदानाचंच घ्या. बहुतेक कॉलेजांत कबड्डीचं मैदान एकच, तेही मुलांच्या मापाचं, १३ बाय १० मीटर. मुलींचं १२ बाय ८. मुलांची निदानरेषा, म्हणजे चढाईत निदान जी ओलांडावीच लागते ती, मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर, मुलींची ३ वर. मोठ्या मैदानावर सराव केलेल्या चढाईपटूचा सामन्यात अंदाज चुकतो आणि ती आयती पकडीत सापडते. तुम्ही मध्यरेषा तीच ठेवून मुलींच्या रेषा गेरूने आखल्या, मुलांच्या फक्कीच्या पांढऱ्या राहिल्या. सुतळीला गाठी ३, ४ आणि ६ मीटरवर: निदानरेषा, बोनस रेषा, शेवटची रेषा. बाजूची रेषा तर नव्याने आखावीच लागली नाही, कारण मुलांच्या राखीव क्षेत्राची, म्हणजे दोन्ही कडांच्या मीटरभर पट्ट्यांची, आतली रेषा हीच मुलींची बाहेरची हद्द. कोपरे काटकोनात यावेत म्हणून दोन्ही कर्ण १४.४२ मीटर भरल्याशिवाय मात्र तुम्ही गेरूला हात लावू दिला नाही.

आणि आपली काळी माती! पावसात पायाला धरते, उघाड पडली की भेगाळते. भेगेत पाय अडकला आणि अंग वळलं, की गुडघा गेलाच. गुडघ्याच्या आतला अस्थिबंध तुटण्याचं प्रमाण मुलींत तसंही जास्त. फूटभर काळी माती उपसून खाली मुरूम दाबायचा, वर चाळलेली मऊ माती पसरायची, संध्याकाळी हलकं पाणी शिंपडायचं. हे तुमच्या देखरेखीत झालं, कागदावर ते कोणाच्याही नावावर नाही.

डिसेंबरात पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणजे पाचचा सराव पाऊण तासात आटोपतो आणि शेवटच्या एसटीची धास्ती वेगळीच. तुम्ही खोलीचं कुलूप पहिल्या गाडीच्या वेळेला उघडू लागलात, तेव्हा सराव सकाळी सरकला. कपडे बदलायची खोली, आत कडी, बादलीत पाणी, खिळ्याला सॅनिटरी पॅडची पिशवी. टी-शर्टची मापंही मुलींची घ्यायला तुम्हीच लावली. ढगळ टी-शर्ट म्हणजे पकडणाऱ्याच्या हाती आयतं टोक.

विद्यापीठाचे सामने नेमके सोयाबीनची सोंगणी आणि कापसाची वेचणी चालू असताना येतात. वेचणीची मजुरी किलोवर, म्हणजे सामन्याचा दिवस हा घरातला बुडालेला रोज. वर अमरावती विद्यापीठाचा पसारा पाच जिल्ह्यांचा. बुलडाण्याची मुलगी यवतमाळला निघाली तर दिवस गाडीतच जातो. विद्यार्थी पास गाव ते कॉलेज एवढाच चालतो. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायांना अर्धं तिकीट झालं, तेवढा भार हलका. तुमची चिठ्ठी मात्र कोणत्याही सवलतीपेक्षा कामी आली: तारीख, कोणती गाडी, सोबत कोण बाई, मुक्काम कुठे, परत किती वाजता. वावरात उभ्या बापाला ती वाचून दाखवली की पुढचा प्रश्नच येत नसे.

हिमोग्लोबिन बाराच्या खाली आलेल्यांना लोहाची गोळी लिंबूपाण्यासोबत घ्या, चहा तासभर लांब ठेवा, हा तुमचा दटावणीचा सूरही ऐकू येतो.

पत्रासोबत ३० मीटरची फायबरची टेप पाठवतो आहोत. सुतळी भिजली की आखडते, म्हणून पावसाळ्यात तुम्हाला गाठी पुन्हा मोजाव्या लागत. सुतळी फेकू नका पण. अंधारात गाठ बोटांना कळते, टेपवरचे आकडे दिसत नाहीत.

तुमच्याच,
महिला कबड्डी संघातल्या मुली