‘डायपर बदलताना कुठली भाषा?’ असं विचारणाऱ्या काकूंना

प्रिय काकू,

सा. न. वि. वि.

हे पत्र फक्त तुम्हाला पाठवता आलं असतं. पण नोकरीपायी परक्या देशातल्या शहरात नुकतेच उतरलेले, कडेवर लहान मूल आणि समोर डे-केअरची भलीमोठी यादी घेऊन बसलेले किती तरी आईबाप असतील, आणि प्रत्येकाला तुमच्यासारखं माणूस भेटतंच असं नाही. म्हणून सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. नाव घालू नकोस म्हणालात, ते पाळलंय.

आम्ही आलो तेव्हा लेकीला दीड वर्षही पुरं झालं नव्हतं. दोघांच्याही नोकऱ्या, जवळचं कुणी नाही, शहराची भाषा येत नाही, ऑफिसात इंग्रजी आणि घरात मराठी. सल्ले मात्र भरपूर. कुणी म्हणे, तीन-चार वर्षांत बदली होईल, कशाला इथली भाषा, सरळ इंग्रजी डे-केअरमध्ये घाला. कुणी म्हणे, आता घरातही मराठी बंद करा, नाही तर पोरगी गोंधळेल, उशिरा बोलेल. हा दुसरा सल्ला माझ्या डोक्यातून जाईना. चांगल्या मनानं दिलेला होता, म्हणून जास्तच.

तुमची उभी नोकरी डे-केअरमध्ये लहान मुलांत गेलेली. पहिल्याच भेटीत तुम्ही ही भीती काढलीत आणि नुसता धीर देऊन नव्हे. एका वाक्यात दोन भाषांचे शब्द आले तर तो गोंधळ नाही, जवळ असलेले सगळे शब्द मूल कामाला लावतंय, असं सांगितलंत. शब्द मोजायचेच तर सगळ्या भाषांचे मिळून मोजा, एकाच भाषेचे मोजले की ते कमीच भरणार. आणि लगेच बजावलंत की आवाजाकडे वळून बघत नाही, घरच्या भाषेतलं साधं बोलणंही कळत नाही, आलेले शब्द गळायला लागलेत, असं काही दिसलं तर ‘दोन-तीन भाषा आहेत म्हणून असेल’ असं म्हणत थांबू नका, डॉक्टर गाठा, कान तपासून घ्या. त्या दिवशी आम्हाला दिलासा जितका हवा होता तितकीच ही ताकीदही.

बेल्जियमच्या फ्लँडर्स भागातल्या अभ्यासाबद्दलही तुमच्याकडूनच कळलं. ॲनिक दे हाउवर यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेला. जवळजवळ १९०० कुटुंबं, आणि घरात बाहेरच्यापेक्षा वेगळी भाषाही बोलली जाणारी. त्यांतल्या सुमारे चतुर्थांश कुटुंबांत मुलं ती भाषा बोलतच नव्हती. जिथे आई आणि वडील दोघंही घरी फक्त आपलीच भाषा बोलत, तिथे मात्र जवळपास सगळी मुलं ती बोलत होती. ‘शहराची भाषा शहर शिकवेल, इंग्रजी कधी ना कधी येईलच. मराठीला तुमच्याशिवाय कुणी नाही,’ असं म्हणालात. म्हणजे ज्या भाषेला आम्ही आवर घालायला निघालो होतो, तीच एकटी आमच्या भरवशावर होती. द्विभाषिक, म्हणजे शहराची भाषा आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत चालणारं डे-केअर घरच्या भाषेची जागा घेत नाही, हे तेव्हा पक्कं झालं आणि निवडही सोपी झाली. शहराची भाषा आणि इंग्रजी यांची सोय तिथे, मराठी घरात.

मग तुम्ही आमच्याबरोबर डे-केअर बघायला आलात. तुमची सुट्टी मोडून, बस बदलत. याचे आभार कसे मानायचे ते मला अजून सुचलेलं नाही.

एका ठिकाणचं माहितीपत्रक फार देखणं होतं. भिंतीवर दोन भाषांतले रंग, प्राणी, आकडे. तिथल्या प्रमुख बाई अभ्यासक्रमाबद्दल भरभरून बोलत होत्या. त्यांचं होऊ दिलंत आणि मग विचारलंत, ‘डायपर बदलताना कुठली भाषा?’ त्या अडखळल्या. मग हळूहळू उलगडत गेलं. दुसऱ्या भाषेच्या बाई सकाळी येऊन गाणी घेत आणि निघून जात. जेवणं, झोप, हात धुणं, भांडणं, रडणं, बाकीचा सगळा दिवस एकाच भाषेत. तुम्ही त्यांना काही बोलला नाहीत. बाहेर आल्यावर आम्हाला म्हणालात, मुलाच्या दिवसाचा मोठा भाग अंग पुसण्यात, भरवण्यात, कपडे घालण्यात जातो, आणि भाषा तिथेच शिरते. गाण्याचा तास चांगलाच, पण त्याला द्विभाषिक म्हणायचं नाही.

दुसरीकडे पाटी साधी आणि खोल्या जुन्या. तुम्ही मुद्दाम मुलांना घरी न्यायची वेळ घेतली होती, कारण दिवस संपताना माणसं थकलेली असतात आणि जागा खरी कशी आहे ते तेव्हा दिसतं. दाराशी बूट घालताना एक छोटा मुलगा धडपडला आणि रडायला लागला. जवळच्या बाईंनी त्याला मांडीवर घेतलं आणि शहराच्या भाषेत समजावायला लागल्या. तो हुंदके देत इंग्रजीत काहीतरी सांगत होता. त्यांना ते कळत होतं, पण त्या आपली भाषा सोडत नव्हत्या, आणि त्याच्यावर ती लादतही नव्हत्या. ‘असं म्हण’ नाही, ‘परत सांग’ नाही. तो त्याच्या भाषेत, त्या त्यांच्या, आणि दोघांचं व्यवस्थित चाललं होतं. तुम्ही माझा हात दाबलात.

प्रत्येक बाईंनी मुलांशी आपली एकच भाषा धरायची, ही पद्धत तिथे रोजची होती. ती आजकालची नाही, हेही तुम्हीच सांगितलंत. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ ज्यूल रोंजा आणि त्यांची जर्मन बायको आपल्या मुलाशी असंच बोलत, आणि त्याच्या भाषेच्या नोंदी रोंजांनी १९१३ साली छापल्या. पण मला खरं पटलं ते त्या बूट घालायच्या बाकावर.

मग तुमचे प्रश्न सुरू झाले. दोन्ही भाषांच्या बाई किती वर्षं इथे आहेत? मागच्या वर्षी किती जणी सोडून गेल्या? एक आजारी पडली तर तिची भाषा कोण सांभाळतं? फी आणि वेळा यांच्यापलीकडे आमची धाव नव्हती. माणसं सारखी बदलत असतील तर मुलाचा जीव लागणार कुणावर, आणि जीव लागल्याशिवाय ते बोलणार कुणाशी, हा तुमचा मुद्दा मी आता भेटेल त्या नव्या आईला सांगते. टॅबलेटवर भाषेचे व्हिडिओ लावतो, असं एका ठिकाणी कौतुकानं सांगितलं गेलं, तेव्हा पॅट्रिशिया कूल यांच्या २००३ च्या प्रयोगाची आठवण तुम्ही काढलीत. अमेरिकेतल्या नऊ महिन्यांच्या बाळांशी समोर बसून मँडरिन बोलणारी माणसं होती तेव्हा ती बाळं त्या भाषेतले ध्वनी ओळखायला शिकली. तेच बोलणं पडद्यावर दाखवलं तर काही उपयोग झाला नाही.

प्रवेश मिळाल्यावर मला घाई झाली होती, कामावर रुजू व्हायचं होतं. तुम्ही मात्र हटून बसलात की मुलाला रुळायला वेळ देणारी जागाच खरी. त्या डे-केअरमध्ये बर्लिनमध्ये तयार झालेली पद्धत वापरतात. पहिले तीन दिवस आई किंवा बाबा खोलीतच बसतात, मुलाला एकटं सोडून बघायचं नाही. चौथ्या दिवशी पहिल्यांदा थोडा वेळ बाहेर जायचं, तेही तिचा निरोप घेऊन, चोरून नाही. रडून बाईंच्या कुशीत शांत झाली तर पुढे जायचं, नाही झाली तर आणखी थांबायचं. मी कोपऱ्यात खुर्चीवर बसून होते. लेक खेळणं घेऊन माझ्याकडे यायची, मग परत त्या बाईंकडे जायची, आणि तिच्या फेऱ्या माझ्याकडे कमी, तिकडे जास्त होत गेल्या. हे बघायला मिळालं ते तुमच्या हट्टामुळे.

त्यानंतर ती तिथे बराच काळ गप्पच होती. घरी अखंड बडबड आणि तिथे एक शब्द नाही. असं होणार, हे तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून आम्ही टिकलो. ‘बोलत नाही याकडे बघू नका. सांगितलेलं कळतंय का, बोट दाखवते का, खेळते का, ते विचारा,’ म्हणाला होतात. बाई रोज तेवढंच सांगायच्या: बूट आण म्हटलं की आणते, गाण्याला हात हलवते. मग शब्द यायला लागले, आधी शहराच्या भाषेचे, मागून इंग्रजीचे. आता ती तिथल्या बाईंना बघून भाषा बदलते, आणि दारात मला बघितलं की मराठीत तक्रारी सुरू. कुणी खेळणं हिसकावलं, कोण झोपलं नाही, सगळं.

काकू, तुम्ही आमच्या नात्याच्या ना गोत्याच्या. इथे येऊन तुम्हाला किती तरी वर्षं झाली, तुमची मुलं मोठी होऊन पांगली. एका ओळखीच्या घरी आपली गाठ पडते काय आणि तुम्ही आमच्या लेकीसाठी दारोदार फिरता काय. आमच्या आया लांब होत्या, त्या काळात आम्हाला घरचं मोठं माणूस मिळालं. मनापासून आभार, आम्हा दोघांचे, आणि फोनवर तुमचं नाव ऐकून निर्धास्त झालेल्या दोन्ही आज्यांचेही.

तुमचे प्रश्न मी एका वहीत उतरवून ठेवलेत. गेल्या आठवड्यात ऑफिसातल्या एका नव्या कुटुंबाला दिले. ते परवा एक डे-केअर बघायला जाणार आहेत आणि तुम्ही बरोबर याल का, असं विचारायचा त्यांना संकोच वाटतोय. मी म्हटलं, मी विचारते. तब्येत बरी असेल आणि वेळ असेल तरच हो म्हणा. आणि सवडीनं आमच्याकडेही या, लेकीच्या शाळेचे कागद समोर आलेत, त्यावर बोलायचंय.

तुमची,
लेकीची आई