प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते

जागतिक ब्रेन ट्युमर दिनानिमित्त आपल्या ८ जूनच्या अंकात प्रसिद्ध झालेला लेख वाचला. लक्षणांची माहिती उपयुक्त आहे. मात्र सगळ्या गाठींना सरसकट 'मेंदूचा कर्करोग' म्हटल्याने वाचकांच्या मनात अकारण धास्ती बसते. प्रौढांमध्ये मेंदू व त्याच्या आवरणात मुळात उद्भवणाऱ्या गाठींत सर्वाधिक आढळतो तो मेनिन्जिओमा. आवरणातून वाढणारी ही गाठ बहुतेक वेळा कर्करोगाची नसते. अमेरिकेतील नोंदींनुसार मुळात तिथेच उद्भवणाऱ्या गाठींपैकी सुमारे ४० टक्के मेनिन्जिओमा असतात, तर ग्लिओब्लास्टोमा या अतिशय घातक प्रकाराचे प्रमाण सुमारे १४ टक्के आहे. फुफ्फुस किंवा स्तनाच्या कर्करोगातून मेंदूत पसरणाऱ्या गाठी निराळ्या, त्यांचे उपचारही निराळे.

माझ्या आत्याच्या एमआरआयच्या अहवालात 'मेनिन्जिओमा' हा शब्द दिसताच आम्ही तो कागद महिनाभर कपाटात साड्यांच्या घडीखाली लपवला आणि तेवढे दिवस तिने डोकेदुखी अंगावर काढली. यापुढे असे लेख छापताना गाठींचे प्रकार व त्यांचे प्रमाण ठळक चौकटीत द्यावे, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, कोथरूड, पुणे