फ्लूमच्या घळीची फेरी

बॉस्टन,
ऑगस्टअखेर

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. काका-काकू पुढच्या महिन्यात तुझ्याकडे येत आहेत, त्यांना न्यू हॅम्पशायरचे डोंगर दाखवायचे आहेत आणि काकूंच्या गुडघ्यांना झेपेल अशी एखादी फेरी हवी आहे, हे वाचताच मला फ्रँकोनिया नॉच (नॉच म्हणजे खिंड) स्टेट पार्कमधली फ्लूम गॉर्ज ही घळ सुचली. तू तिथल्याच लोन्सम लेक या तळ्याबद्दल विचारले आहेस. तळे देखणे आहे यात शंका नाही, परंतु तिथवर पोहोचायला सव्वा मैलात जवळजवळ हजार फूट चढावे लागते, वाट मुळांनी आणि धोंड्यांनी भरलेली आहे, आणि उतरताना चांगल्या धडधाकट माणसाचेही गुडघे बोलू लागतात. तळे तू आणि वहिनी पुन्हा कधीतरी करा. फ्लूमची फेरी सुमारे दोन मैलांची असून वाट नीट राखलेली आहे.

सोपी असली तरी ती सपाट नाही, हे काकूंना आधीच सांगून ठेव. पायऱ्या पुष्कळ आहेत आणि बराचसा चढ पहिल्या भागातच येतो. घळ पार झाली की पुढे चढ-उतार आहेत, पण दम लागण्यासारखे फारसे काही उरत नाही. सराईत माणूस तासा-दीड तासात फेरी आटोपतो. आपण मात्र अडीच तास धरू आणि कोणीही कोणाला घाई करायची नाही असे ठरवू.

घळ लिबर्टी पर्वताच्या पायथ्याशी आहे. सुमारे 800 फूट लांब, दोन्ही बाजूंना 70 ते 90 फूट उंच ग्रॅनाइटच्या भिंती आणि मधले अंतर अवघे 12 ते 20 फूट. कड्याला लगटून लाकडी फळ्यांची वाट वर वर जाते, खाली ओढा घुमत असतो, भिंतींवर शेवाळे आणि नेचे, आणि फळ्या तुषारांनी सदैव ओल्या. काकूंना चपला किंवा गुळगुळीत तळव्याचे बूट घालू देऊ नकोस. काकांना भूगोलाची आवड आहे, म्हणून एक गोष्ट मुद्दाम लिहितो. ग्रॅनाइटला पडलेल्या उभ्या भेगांत बसाल्टचा रस शिरून थिजला होता. तो ग्रॅनाइटपेक्षा लवकर झिजला, पाण्याने तो वाहून नेला आणि ही घळ उघडी पडली. आपल्या सह्याद्रीचे कडे ज्या जातीच्या दगडाचे आहेत, तोच दगड इथे नमते घेऊन निघून गेला, हे ऐकून काका नक्कीच वाद घालतील!

घळीच्या वरच्या तोंडाशी ॲव्हेलांच फॉल्स हा 45 फुटांचा धबधबा आहे. पूर्वी दोन्ही भिंतींच्या मध्ये अंड्याच्या आकाराचा एक प्रचंड धोंडा अडकून लोंबकळत होता; जून 1883 मधल्या अतिवृष्टीने दरड कोसळली, तिने तो धोंडा वाहून नेला आणि हा धबधबा तयार झाला. ही घळ 1808 साली जेस गर्न्सी नावाच्या 93 वर्षांच्या आजीबाईंना मासे धरायला गेल्या असताना सापडली, आणि घरच्यांचा त्यांच्यावर विश्वासच बसेना, असे सांगतात. काकू पायऱ्या पाहून कुरकुरल्या, तर त्यांना ही आजी सांगायची.

पुढे सेंटिनल पाइन नावाचा छपराचा लाकडी पूल लागतो. 1938 च्या चक्रीवादळात पडलेल्या एका अजस्र पाइन वृक्षाच्या खोडावर तो 1939 मध्ये उभारला. पुलाशी थांबून खालचा डोह अवश्य पाहा. तो सुमारे 40 फूट खोल आहे. वुल्व्ह्ज डेन ही रांगत जाण्याची अरुंद कपार मात्र वाटेवर दिसली तरी सोडून द्या.

आता तारखेचे. पानांचे रंग पाहायचे असतील तर ऑक्टोबरचा पहिला आठवडा बरा, पण मंगळवार किंवा बुधवार निवड. ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी येणाऱ्या कोलंबस डेच्या सुट्टीत तिथे जाणे म्हणजे वाहनांच्या रांगेत बसून डोंगर पाहणे. खिंडीत तर आय-93 हा महामार्गही दोन्ही दिशांना एकेका मार्गिकेवर येतो. तिकिटे वेळेनुसार आगाऊ मिळतात, ती सकाळच्या पहिल्या वेळेची घेऊ. आदल्या रात्री आमच्याकडे मुक्काम करा. इथून दोन-सव्वादोन तास लागतात आणि बाहेर पडण्याचा फाटा 34ए आहे. खिंडीत सकाळी चांगलीच थंडी असते, म्हणून स्वेटर आणि कानटोपी हवीच. तुमच्या मोत्याला मात्र सोबत आणता येणार नाही, कारण या वाटेवर पाळीव प्राण्यांना बंदी आहे.

फेरीनंतर जेवून थोडे उत्तरेला बेसिन पाहू. ओढ्याने ग्रॅनाइटमध्ये कोरलेला तो मोठा रांजणखळगा वाहनतळापासून जवळच आहे. काकू थकल्या नसतील तर प्रोफाइल लेकपर्यंत जाऊ. तिथल्या कड्यावरचा ‘ओल्ड मॅन ऑफ द माउंटन’ हा माणसाच्या चेहऱ्यासारखा दिसणारा सुप्रसिद्ध नैसर्गिक दगडी चेहरा 3 मे 2003 रोजी ढासळला, पण काठावर पोलादी खांब असे रोवले आहेत की योग्य जागी उभे राहून पाहिले असता चेहरा पुन्हा कड्यावर बसलेला दिसतो. काकांना हा प्रकार आवडेल. मला स्वतःला तो जरा ओढूनताणून केलेला वाटतो.

दशम्या आणि चटणी सौ. करणार आहे, तेव्हा वहिनींनी फक्त लाडू आणावेत. तारीख येत्या रविवारपर्यंत कळव, म्हणजे मी पाच तिकिटे काढून ठेवतो, सौ.ला त्या दिवशी रजा नाही.

काका-काकूंना साष्टांग नमस्कार.

तुझा,
अविनाश