धाकट्याच्या गुडघ्यासाठी, डॉक्टर साहेबांना

डॉक्टर साहेब,

सप्रेम नमस्कार.

माझा धाकटा भाऊ तालमीत पुन्हा जोर मारायला लागलाय. मातीत मात्र तुम्ही हो म्हटल्याशिवाय उतरणार नाही. हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय, कारण बेळगाव-खानापूरकडच्या पैलवानांना आणि कबड्डीच्या पोरांना तुमचं काम कळायला हवं.

आनंदवाडीच्या आखाड्यात त्याच्या गुडघ्यातलं लिगामेंट, म्हणजे हाडांना बांधून ठेवणारा पट्टा, तुटलं. पहिलं ऑपरेशन दुसरीकडे झालं. सूज उतरली, सरळ चालताना त्रास नव्हता, पण अंग वळवलं की गुडघा दगा द्यायचा. सगळे म्हणायचे, व्यायाम कमी पडतोय. पोरगं आतून खचत चाललं होतं.

तुम्ही आधी पाय हातात घेतलात. नडगी सरळ पुढं ओढली तर गुडघा घट्ट. पण पाय आत पिळून हळूहळू वाकवलात तसा तो खट्कन सरकला. सीटी स्कॅनमध्ये कारण दिसलं. मांडीच्या हाडातलं टनेल, म्हणजे नवं लिगामेंट बसवायला पाडलेलं भोक, फार वर, उभं गेलं होतं. नडगीच्या टनेलमधूनच वरचं भोक पाडलं की असं होऊ शकतं, हे तुम्ही कागदावर काढून दाखवलंत. तुमची मातृभाषा कन्नड, तरी आमच्या बाबांना मराठीत म्हणालात, "खुंटी भलतीकडे ठोकली तर दावं मजबूत असून काय उपयोग?" बाबांना तिथंच सगळं उमगलं. आधीच्या डॉक्टरांबद्दल तुम्ही एक वावगा शब्द काढला नाहीत, त्याचंही मोल आम्हाला आहे.

दुसऱ्या वेळी गुडघा १२० अंशांपर्यंत वाकवून, आतल्या बाजूच्या वेगळ्या छिद्रातून, मूळ लिगामेंट जिथं चिकटलेलं असतं तिथंच तुम्ही नवं टनेल घेतलंत. जुनं टनेल तिथून दूर होतं, म्हणून आधी हाड भरून महिनोन्‌महिने थांबावं लागलं नाही. नवं लिगामेंट करायला मांडीमागची नस पहिल्या ऑपरेशनातच वापरून झाली होती. या खेपेला वाटीखालची पट्टी घेतलीत, दोन्ही टोकांच्या हाडाच्या तुकड्यांसकट. नडगीतलं टनेल जरा जरी पुढं गेलं तरी पाय पूर्ण सरळ होत नाही, हे तुम्ही आधीच सांगितलं होतंत. म्हणून तपासणीत गुडघ्याखाली तळहात घालून "दाब" म्हणालात, आणि गुडघा हातावर पूर्ण टेकला, तेव्हा बाबांनी तुम्हाला हात जोडले.

साहेब, आमच्या तालमीतल्या आणखी एका पोराचा गुडघा ऑपरेशननंतरही वळताना सरकतोय. त्याला सोमवारी घेऊन येतो. जुने कागद आणि एमआरआयच्या फिल्म सोबत असतील.

आपला ऋणी,
पैलवानाचा थोरला भाऊ, ता. खानापूर